हिमोढ हा शब्द कुठे राहिला?

गेली काही वर्षे मी जुन्या दिवाळी अंकांतले डोंगरप्रवासाचे लेख जमवतो आहे. मनमाडसारख्या जंक्शनच्या गावी रद्दीच्या दुकानात असे अंक अजून मिळतात. वाचताना एक वही केली आणि तिच्यात तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात लेखकाने दरीसाठी वापरलेले शब्द, दुसऱ्यात धबधब्यासाठी वापरलेले. ही दरी किंवा हा धबधबा कसा घडला याविषयी लेखक काय सांगतो, ते तिसऱ्यात. पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसरा जवळजवळ कोरा राहिला. त्या कोऱ्या रकान्याविषयी हा लेख आहे.

भरलेल्या रकान्यांत काय आहे, ते आधी पाहू. काश्मीर असो, हिमाचल, उत्तराखंड किंवा स्वित्झर्लंड असो, दरी ‘खोल’ असते, धबधबा ‘फेसाळता’ आणि शिखरे ‘हिमाच्छादित’. डोळ्यांचे पारणे फिटते. शेवटी निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र, हे लेखकाला जाणवते आणि ‘हे सौंदर्य अवर्णनीय आहे’ असे म्हणून तो परतीच्या गाडीत बसतो. यातला एकही शब्द खोटा नाही. अडचण वेगळीच आहे. लेखातले गावाचे नाव बदलून पाहावे. मनालीच्या जागी पहलगाम घातले, पहलगामच्या जागी इंटरलाकेन घातले, तरी बाकीच्या वाक्यांना धक्का लागत नाही. जे वर्णन चार ठिकाणांना सारखेच लागू पडते, त्यातून वाचकाला त्यातले एकही ठिकाण मिळत नाही.

आता प्रत्यक्ष जमीन घेऊ. स्वित्झर्लंडमधली लाउटरब्रुनेनची दरी आपल्या सहलींच्या वाटेवर असते. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, मध्ये सपाट हिरवा तळ आणि कड्यांवरून सुटणारे धबधबे. त्यांतला श्टाउबाख सुमारे ३०० मीटर उंचीवरून पडतो. या दरीचा आकार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आहे, कारण ती हिमनदीने कोरली आहे. वाहते पाणी मुख्यतः तळ कापत जाते, म्हणून डोंगरातल्या नदीची दरी ‘व्ही’सारखी होते. बर्फाचा जाड प्रवाह तळाबरोबर बाजूही खरवडत नेतो. मुख्य हिमनदी मोठी असल्याने तिने आपली दरी खोल केली, बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढे जमले नाही. बर्फ वितळून गेल्यावर त्या लहान दऱ्या वरच टांगलेल्या राहिल्या आणि त्यांतले पाणी कड्यावरून खाली उडी घेऊ लागले. म्हणजे तो धबधबा हा दोन हिमनद्यांच्या ताकदीतला फरक आहे. हे कळल्यावर तो कमी सुंदर दिसतो का? मला तर उलट अनुभव आला.

आपल्याकडचा प्रवरेवरचा रंधा घ्या. तिथे हिमनदीचा काही संबंध नाही. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास हे थर साचले. या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. आपले धबधबे त्या पायऱ्यांवरून उतरतात. दोन्हीकडे पाणी वरून खालीच पडते, पण घडण्याची कारणे अगदी वेगळी आहेत. माझ्या वहीतल्या लेखांत मात्र दोन्हींचे वर्णन एकच आहे.

मराठीत त्यासाठी शब्द नाहीत, असे कोणी म्हणेल. तसे नाही. नववीच्या भूगोलाचे पुस्तक उघडावे. हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, मेषशिला, लोंबती दरी, हिमोढ हे सगळे शब्द तिथे आकृत्यांसह आहेत. डोंगराच्या कुशीत बर्फाने कोरलेली खुर्चीसारखी जागा म्हणजे हिमगव्हर. अशी गव्हरे चहूबाजूंनी डोंगर पोखरत गेली की मधोमध उरते ते गिरिशृंग. मॅटरहॉर्न हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. हिमनदीने वाहून आणून टाकलेला दगडमातीचा ढीग म्हणजे हिमोढ. लाखो मराठी मुलांनी हे शब्द परीक्षेत लिहिले आहेत. तीच मुले मोठी होऊन रोहतांगला जातात, अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरतात, चंद्रा नदीच्या खोऱ्यात सिस्सूच्या धबधब्यासमोर उभी राहतात आणि त्यांना एकही शब्द आठवत नाही. शब्द दप्तरात राहिला, डोळे सहलीला गेले.

स्वतःच्या डोंगराबाबत मराठी अशी मुकी कधीच नव्हती. कडा, सुळका, सोंड, माची, पदर, खिंड, घळ, नाळ ही यादी कितीही वाढवता येईल. आमच्या नाशिककडे खिंडीला बारी म्हणतात. बागलाणातल्या सेलबारी आणि डोलबारी या रांगांच्या नावांतच वाट सांगितलेली आहे. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी घासून झालेल्या खोल खड्ड्यांना लोकांनी रांजणखळगे म्हटले. हा शब्द घडवणाऱ्याने आकार नेमका पाहिला होता. गो. नी. दांडेकरांचे दुर्गलेखन टिकले ते अशाच शब्दांवर. ते किल्ल्यांवर जाऊन राहत. ‘माचीवरला बुधा’ ही त्यांची कादंबरी राजमाचीच्या माचीवर घडते आणि तिथे माची हा शब्द शोभेसाठी येत नाही. माणूस कुठे राहतो, पाणी कुठून आणतो, गुरे कुठे चारतो, हे त्या शब्दामुळे कळते.

मग हिमालयात गेल्यावर हीच भाषा का अडखळते? मला याचे मूळ प्रवासाच्या हेतूत दिसते. मराठी माणूस हिमालयात आधी गेला तो यात्रेसाठी. काका कालेलकरांनी १९१२ साली स्वामी आनंदांबरोबर हिमालयाची पायी यात्रा केली आणि पुढे तिचे पुस्तक झाले. साताऱ्यात जन्मलेल्या या लेखकाने ते मूळ गुजरातीत लिहिले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पायी चालणाऱ्याला चढ आणि उतार अंगाने मोजावा लागतो, त्यामुळे जमीन त्याच्या लेखनात आपोआप उतरते. नंतर यात्रेची जागा सहलीने घेतली. मोटार थेट ‘पॉइंट’वर नेऊ लागली. तिथे वीस मिनिटे मिळतात आणि वीस मिनिटांत फार तर आश्चर्य वाटून घेता येते. श्रद्धेने पाहणे आणि हौसेने पाहणे या दोन्ही रीती आपण कमावल्या. अभ्यासाने पाहण्याची तिसरी रीत मात्र मधल्या मधे सुटली.

यावर रास्त आक्षेप घेता येईल. प्रवासलेख वाचणाऱ्याला आनंद हवा असतो, त्याला भूगोलाचा तास का द्यावा? या आक्षेपाला दुर्गा भागवतांनी १९५६ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. ‘ऋतुचक्र’ वाचताना झाडांची नावे, त्यांच्या फुलण्याच्या वेळा आणि पानांचे बदलते रंग नेमकेपणाने कळतात, तरी कोणालाही वनस्पतिशास्त्राच्या तासाला बसल्यासारखे वाटत नाही. तिथे माहिती आणि आनंद वेगळे काढताच येत नाहीत. झाडांसाठी मराठीला हे साधले, तर दऱ्यांसाठी का साधू नये?

आणि हा प्रश्न नुसत्या शैलीचा राहिलेला नाही. केदारनाथ हिमनदीने घडवलेल्या खोऱ्यात वसले आहे. मंदिराच्या वरच्या अंगाला चोराबारी हिमनदी आणि तिच्या कडेला चोराबारी ताल. १९४८ साली तिथे महात्मा गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणतात. त्या तलावाचे पाणी अडवले होते हिमोढाने, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या सुट्या दगडमातीच्या बांधाने. १६ आणि १७ जून २०१३ या दिवशी अतिवृष्टीत तो बांध फुटला आणि पाणी, दगड, गाळ खालच्या वस्तीवर आले. हजारो माणसे गेली. त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही होते.

एक शब्द माहीत असता तर ती माणसे वाचली असती, असा दावा मी करणार नाही. तो खोटा ठरेल. पण आपल्या लेखनाने या खोऱ्याचे वर्णन ‘देवभूमी’ आणि ‘स्वर्ग’ एवढ्यावरच थांबवले. हा सपाट तळ कोणी केला, वरचे तळे कशाने अडले आहे, आपण ज्या दगडगोट्यांवर उभे आहोत ते इथे कसे आले, असे प्रश्न वाचकाच्या मनात येण्याची सोयच ठेवली नाही. स्वर्गाला कोणी असे प्रश्न विचारत नाही. जमिनीला विचारावे लागतात. सहल ठरवणाऱ्याने, तिथे हॉटेल बांधणाऱ्याने आणि बांधू देणाऱ्यानेही ते विचारायला हवेत. भाषेत शब्द वावरत असला तरच प्रश्न सुचतो.

दोष दुसऱ्यांना देतो आहे, तर माझाही सांगतो. अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आणि त्यांच्याजवळचा हडबीची शेंडी हा सुळका मी लहानपणापासून रेल्वेतून पाहत आलो. त्यांना मी ‘आपले डोंगर’ म्हणत असे आणि तेवढ्यावर समाधानी होतो. सपाट माथा, खाली उभा कडा, त्याखाली उतार आणि पुन्हा कडा, या त्या लाव्ह्याच्या पायऱ्या आहेत, हे मला चाळिशीनंतर पुस्तकातून कळले. भोवतालचा खडक झिजून गेला आणि सुळका उरला, हेही तेव्हाच कळले. मॅटरहॉर्न बर्फाने घडले, हडबीची शेंडी ऊन, पाऊस आणि वाऱ्याने.

त्यानंतर अंकाईवर गेलो तेव्हा खडकात खोदलेली टाकी वेगळ्या नजरेने पाहिली. हा घट्ट खडक पाणी फारसे पोटात घेत नाही. पाऊस थांबला की पायऱ्यांवरचे ओहोळ आटतात. हिमालयातला धबधबा ऐन मे महिन्यात बर्फ वितळल्याने फुगतो आणि आपला दिवाळीपर्यंत दोरीएवढा होतो, त्याचे कारण हेच. पर्जन्यछायेतल्या मनमाडला पाणी साठवून, मोजून वापरावे लागते, त्याच्या अनेक कारणांत हेही एक आहे. टाकी खोदणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी खडक ओळखला आणि त्यातच पाणी अडवले.

यंदाही दिवाळी अंकांत हिमालयाच्या सहलींचे लेख येतील आणि मी ते आवडीने वाचीन. लेखकांकडे एकच मागणे आहे. ‘अवर्णनीय’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एकदा नववीचे पुस्तक चाळावे आणि दरीचा तळ सपाट आहे की निमुळता, एवढे तरी पाहून लिहावे. माझ्या वहीचा तिसरा रकाना अजून मोकळा आहे.