‘वंशवृक्ष’ आणि आपले कुलवृत्तान्त

मराठी घराच्या कपाटात पोथ्यांच्या शेजारी पुष्कळदा एक जाडजूड कुलवृत्तान्त असतो. मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुली ‘अमक्यांस दिली’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. घर सोडून दुसरे लग्न केलेली सून तर शोधूनही सापडायची नाही. आम्हा भोपाळकरांची नातवंडे आपसांत हिंदीत भांडतात, म्हणून की काय, इकडे या ग्रंथाला जरा अधिकच मान. सीमाभागातील वाचकांच्या घरीही, भाषा बदलून, हेच चित्र असावे. अशा घरांत एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ वाचली जावी, असे मला फार वाटते. कुलवृत्तान्ताच्या पहिल्याच पानावर बोट ठेवणारी ही कादंबरी आहे.

मूळ कन्नड कादंबरी १९६५ ची. मराठीत ती आणली उमा कुलकर्णी यांनी, आणि त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. उमाताई मूळच्या बेळगावच्या. पती विरूपाक्ष यांनी कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि बाईंनी ते ऐकत मराठीत उतरवावे, अशी त्यांची कामाची रीत. कानाने झालेला हा अनुवाद आहे, आणि ते वाचताना जाणवते. सोवळे, श्राद्ध, तर्पण हे शब्द दोन्ही भाषांतल्या घरांत सारखेच नांदत असल्यामुळे तळटिपांची गरजच पडत नाही. इंग्रजीत नेताना यांतल्या प्रत्येक शब्दाला काठी टेकावी लागेल.

कथा म्हैसूरजवळच्या कपिला नदीकाठच्या नंजनगूडची. श्रीनिवास श्रोत्री हे वेदशास्त्रसंपन्न, शब्दाला जागणारे गृहस्थ. त्यांचा तरुण मुलगा नदीत बुडून जातो. मागे सून कात्यायनी आणि तान्हा नातू. कात्यायनी शिकायला म्हैसूरच्या कॉलेजात जाते, तिथे राजाराव या तरुण प्राध्यापकाशी तिचे मन जुळते आणि ती पुनर्विवाह करते. दुसरीकडे राजारावांचे थोरले बंधू सदाशिवराव. भारताचा इतिहास खंडाखंडांनी लिहिण्यात बुडालेले हे विद्वान घरची बायको असताना आपल्या सिंहली सहकारी विदुषीशी लग्न करतात. एका घरात संतती, दुसऱ्या घरात ग्रंथ. मागे ठेवायचे काय, हा दोन्हीकडचा ध्यास. मात्र सदाशिवरावांचा भाग मला थोडा पुस्तकी वाटतो. कादंबरीचा जीव नंजनगूडच्या घरात आहे.

कात्यायनी मुलाला न्यायला येते तो प्रसंग प्रत्येकाने सावकाश वाचावा. इंग्रजी मुलखात १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने लग्नाला मुभा दिली, पण त्याच कायद्याने पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा बाईचा हक्क जाई, आणि मुलाचा पालक नेमून मिळावा म्हणून नवऱ्याकडच्या नातलगांना कोर्टात अर्ज करता येई. म्हैसूर संस्थान निराळे. तरी समाजाचा कल ओळखायला ही कलमे पुरेत. श्रोत्री कोर्टाचे नावही काढत नाहीत. ते निर्णय तिच्यावरच सोडतात. आणि ती रिकाम्या हातांनी परतते! कायद्याने हिरावले असते तर तिला भांडता तरी आले असते. सौजन्याने केवढी जबरदस्ती होऊ शकते, ते या प्रसंगाइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पुढे मात्र माझा लेखकाशी वाद आहे. कात्यायनीचे गर्भ राहत नाहीत, ती झुरत जाते. मोठा झालेला मुलगा ती शिकवते त्याच कॉलेजात येतो, आणि तिला आई म्हणत नाही. शिक्षकी पेशातल्या माणसाला हा भाग वाचवत नाही. पण गर्भपातांची ही मालिका कशासाठी? तिच्या मनातली टोचणी समजते. ती तिच्या देहावर शिक्षेसारखी उमटवली, तिथे लेखकाने तराजूला बोट लावले.

प्रत्यक्ष आयुष्याने याला उत्तरही दिलेले आहे. १९७१ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. दिग्दर्शक दोघे, ब. व. कारंथ आणि गिरीश कार्नाड; राजारावांची भूमिकाही कार्नाडांचीच. कारंथ पुढे भोपाळच्या भारत भवनात रंगमंडळाचे संचालक होते, म्हणून आम्हाला ते घरचे. कार्नाडांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या आई कृष्णाबाई पदरी एक मुलगा असलेल्या विधवा. परिचारिकेचे शिक्षण घेत असता त्यांनी डॉ. रघुनाथ कार्नाड यांच्याशी पुनर्विवाह केला. हे कार्नाडांनी आपल्या आत्मचरित्रात उघडपणे लिहिले आहे, आणि त्या ग्रंथाचाही ‘खेळता खेळता आयुष्य’ हा अनुवाद उमा कुलकर्णींचाच. कात्यायनीचे गर्भ टिकले नाहीत. कृष्णाबाईंच्या पोटी गिरीश कार्नाड जन्मले. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचून पाहावीत.

तरीही भैरप्पांना सनातनी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी शेवटची प्रकरणे वाचलेली नसावीत. म्हातारपणी श्रोत्रींना जुन्या कागदांतून कळते की आपण ज्यांचे नाव लावतो त्यांच्या रक्ताचे आपण नाहीच. मालमत्ता भावाकडे जाऊ नये म्हणून त्या ‘वडिलां’नी परपुरुषाकडून संतती करवून घेतली होती. ज्या वंशासाठी नातू ठेवून घेतला, तो वंश मुळातच नाही. आपल्या श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्येही पिढ्यान्‌पिढ्यांची पडझड आहे, परंतु खोतांना आपण खोत आहोत याची शंका कधी शिवत नाही. भैरप्पांनी कुऱ्हाड मुळावरच घातली, आणि तीही घरातल्या सर्वांत सत्त्वशील माणसाच्या देखत.

श्रोत्री मालमत्ता वाटून टाकतात आणि संन्यासासाठी घर सोडतात. वाटेत ते पोहोचतात ते कात्यायनीच्या मृत्युशय्येपाशी. तिचे उत्तरकार्य कर, असे नातवाला सांगून ते निघून जातात. त्या मुलाच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, ते भैरप्पांनी आपल्यावर सोडले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात भैरप्पा गेले. त्यांच्या ‘पर्व’ची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली, त्या मानाने ‘वंशवृक्ष’ कपाटात मागे पडलेली दिसते. घरात कन्नड वाचणारे वडीलधारे असतील तर मराठी प्रत आपण घ्यावी, मूळ त्यांच्या हाती द्यावे, आणि कात्यायनीच्या त्या परतण्यावर दोघांनी बोलावे. आमच्या बाजूला हे तिसऱ्या भाषेतही करता येते. कादंबरी हिंदीत आहे.