‘वस्त्रे’ आणि ‘भगवी वस्त्रे’ : एका वाक्प्रचाराचा अर्थविचार

इंग्रजीत धर्मोपदेशकास ‘मॅन ऑफ द क्लॉथ’ म्हणतात. मराठी भाषांतरकार या ठिकाणी बहुधा ‘धर्मगुरू’ किंवा ‘धर्मोपदेशक’ असा शब्द योजून मोकळे होतात. अर्थ पोचतो, पण वस्त्र नाहीसे होते. मराठीत या कल्पनेला जुळणारा वाक्प्रचारच नाही, अशी जी समजूत या सोयीमागे असते ती मात्र तपासून पाहण्यासारखी आहे.

मुळात ‘क्लॉथ’ या शब्दाचा धर्माशी काही संबंध नव्हता. कोणत्याही व्यवसायाचा किंवा चाकरीचा ठरीव पोशाख, आणि त्यावरून तो व्यवसाय, असा त्याचा व्यापक अर्थ होता. सतराव्या शतकात तो धर्मोपदेशकांच्या पोशाखाकडे झुकू लागला व अठराव्या शतकाच्या आरंभी त्या वर्गापुरता जवळजवळ निश्चित झाला. हे अर्थसंकोचाचे सरळ उदाहरण होय. भाले धरणाऱ्यांना ‘भाले’च म्हणण्याचे जे उदाहरण आपल्या साहित्यशास्त्रात लक्षणेच्या प्रकरणी नेहमी देतात, त्याच जातीची ही लक्षणा आहे.

मराठीत असा संकोच का झाला नाही? याचे एक कारण असे दिसते की, मराठीतील नुसते ‘वस्त्रे’ हे पद आधीच दुसऱ्या कामी गुंतलेले होते. ‘वस्त्रे देणे’, ‘वस्त्रे मिळणे’ म्हणजे राजाकडून पदाचा अधिकार प्राप्त होणे. बाळाजी विश्वनाथास 1713 मध्ये शाहू महाराजांकडून मिळाली ती पेशवाईची वस्त्रे. वर्धा नदीच्या पूर्वेचा, म्हणजे आजच्या वर्धा जिल्ह्याचा मुलूख ज्यांच्या अंमलाखाली होता, त्या नागपूरकर भोसल्यांचे ‘सेनासाहेबसुभा’ हे पदही याच दरबारी परंपरेतले. तेव्हा विशेषणावाचून ‘वस्त्रे’ म्हटले की मराठी मनापुढे दरबार उभा राहतो, मठ नव्हे. धर्माकडे वळायचे तर रंग सांगावा लागतो. ‘भगवी वस्त्रे’ हा शब्दसमूह येथे उपयोगी पडतो. आणि पुढे ‘वस्त्रे’ही गळून नुसते ‘भगवे’ उरते.

या वाक्प्रचाराचे खरे मर्म मात्र रंगात नसून क्रियापदात आहे. ‘भगवी वस्त्रे घेतली’ असे म्हणताच एक निश्चय, एक दीक्षा सूचित होते. तोच मनुष्य ‘भगवे चढवून हिंडतो’ असे म्हटले की बोलणाऱ्याचा संशय उघड होतो. आणि ‘भगवे पांघरले’ म्हणताना तर आत काहीतरी झाकले आहे असा स्पष्ट आरोप असतो. इंग्रजी वाक्प्रचार माणसाला वर्गात बसवतो व थांबतो. मराठी वाक्प्रचार मात्र त्या माणसाने ते वस्त्र कसे धारण केले, याचा निवाडा क्रियापदातच करून टाकतो. ‘धर्मगुरू’ या प्रतिशब्दाने जे हरवते ते हेच.

हा संशय काही आधुनिक बुद्धिवादाची देणगी नव्हे. धम्मपदाच्या यमकवग्गात ‘कासाव’ म्हणजे काषाय वस्त्र आणि ‘कसाव’ म्हणजे मनाचा मळ या दोन शब्दांवर जो श्लेष साधला आहे, त्यातही वस्त्र धारण करणाऱ्याच्या पात्रतेचाच प्रश्न आहे. ‘कफनी’चे मूळ याहून निराळे. अरबी ‘कफन’ म्हणजे प्रेतवस्त्र. ते जिवंतपणी अंगावर घेणारा फकीर संसाराला मेलेला, ही त्यातील कल्पना. गिरडच्या टेकडीवरील शेख फरीदांच्या दर्ग्यात हिंदू व मुसलमान दोघेही जातात. आणि मराठीनेही ‘कफनी’ हा शब्द असाच भेद न मानता फकिराला व बैराग्याला सारखाच लावला आहे. (‘पाद्री’ची गोष्ट वेगळी. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द मुळी ‘पिता’ या अर्थाचा. त्याचा पांढरा झगा लोकांनी पाहिला, पण वाक्प्रचार झग्यावरून न बनता ‘पाद्रीबुवा’ असा जोडशब्द तेवढा झाला.)

गृहस्थ पुरोहिताला भगव्याची गरज नव्हती. त्याचे वस्त्र म्हणजे सोवळे, आणि सोवळे हे नेसून सोडायचे असते. ते व्यक्तीचे नव्हे, वेळेचे लक्षण आहे. तरीही ‘स्वतःला सोवळा समजणे’ या प्रयोगात ते व्यक्तीला कायमचे चिकटले, आणि सोवळ्याओवळ्याच्या भेदाने तर माणसे देवळाबाहेर राहिली. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, तेव्हा या शब्दाचा लाक्षणिक अर्थच पणाला लागला होता असे म्हणण्यास हरकत नाही.

याच जिल्ह्यात आणखी एका वस्त्राने धर्मवस्त्राची जागा घेतली. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामी राहावयास आले. विनोबांनी पवनारला 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, पण स्वतः पांढऱ्या खादीतच राहिले. ‘खादी’ हे तेव्हा व्रताचे नाव होते. स्वातंत्र्यानंतर ‘खादीधारी’ हा शब्द पुढाऱ्यांच्या उपहासासाठी रूढ झाला. म्हणजे ‘भगव्या’ने ज्या वाटेने प्रवास केला तीच वाट खादीने काही दशकांत चालून दाखवली. अर्थापकर्षाचा इतका जलद नमुना सहसा आढळत नाही.

शेजारच्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर ‘भन्ते’, ‘चीवर’ हे पाली शब्द विदर्भाच्या बोलण्यात आले. उपासकाचे वस्त्र पांढरे, भिक्षूचे चीवर. पण श्रामणेर शिबिरात गृहस्थही काही दिवस चीवर धारण करतो आणि मुदत संपली की विधिपूर्वक उतरवतो. ‘चीवर उतरवले’ या प्रयोगाला त्यामुळे पतनाचा वास येत नाही. ‘भगवे उतरवले’ म्हणताच तो येतो.