ख्रिस्तपुराण वर्षाबरोबर कसं वाचावं?

आजचा विषय दोन वर्षांचा आहे. एक वर्ष पंचांगातलं, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. दुसरं कॅथलिक चर्चचं उपासना वर्ष. ते जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. ३० नोव्हेंबरच्या जवळ जो रविवार येतो, त्या दिवशी ते सुरू होतं. या दुसऱ्या वर्षाशी एका मराठी ग्रंथाचं काय नातं आहे, हे मला आज तपासायचं आहे. ग्रंथ अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण'.

आधी एक तक्रार नोंदवतो. ख्रिस्तपुराणाचं नाव घेतलं की आपल्याकडे काय होतं? मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या म्हटल्या जातात. एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीची एवढी थोरवी गायली म्हणून आपली छाती फुगते, आणि तिथे विषय संपतो. शाळेच्या पुस्तकात त्याच ओव्या, मराठी भाषा दिनाला त्याच ओव्या. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातल्या चार-पाच ओव्या आपण वाचतो, त्याही आपलं कौतुक आहे म्हणून. उरलेला ग्रंथ कशासाठी लिहिला गेला, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो.

तो ऐकण्यासाठी लिहिला गेला. याचा पुरावा ग्रंथातच आहे. सुरुवातीलाच प्रसंग आहे. साष्टी प्रांतात एका रविवारी देवळात धर्मशिक्षण चालू असताना एक शिकलेला, नव्याने ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही ऐकायचं तरी काय? आमच्यासाठीही एखादं पुराण का नाही? ग्रंथ या मागणीचं उत्तर म्हणून उभा राहतो.

ही मागणी नीट ऐका, कारण तिच्यामागे मोठी हानी आहे. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली. स्टीफन्स गोव्यात उतरले १५७९ साली. त्यानंतर चारच वर्षांनी, १५८३ मध्ये, कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि पुढे गावकऱ्यांवर सूड उगवला गेला. अशा भूमीत नवं वर्ष आलं, ते लोकांनी मागून घेतलेलं नव्हतं. ते सत्तेबरोबर आलं. चातुर्मास गेला, त्यातलं पुराण-श्रवण गेलं, आणि त्यांच्या जागी लॅटिनमधली मिस्सा आली. सण नवे, भाषा न कळणारी. त्या माणसाचं म्हणणं साधं होतं: वर्ष दिलंत, पण त्या वर्षात ऐकायला काही दिलं नाहीत.

माझा मुद्दा असा की लादलेलं वर्ष आपलं होतं ते कानातून. फतवे काढून सण पाळायला लावता येतो, पण तो मनात उतरायला गोष्ट लागते, आणि ती आपल्या भाषेत, आपल्या चालीत लागते. स्टीफन्सना हे कळलं होतं. साष्टीतल्या बोलीचं, म्हणजे कोकणीचं, व्याकरणही त्यांनी लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापलं गेलं. पण पुराण लिहिताना त्यांनी मराठी निवडली, ओवी निवडली, भागांना 'अवस्वरू' म्हटलं, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. कारण पुराण कसं ऐकायचं हे श्रोत्यांना आधीपासून माहीत होतं.

आता ग्रंथाची रचना बघू. दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, दुसऱ्यात ५९. पहिलं पुराण विश्वाच्या निर्मितीपासून सुरू होतं आणि जुन्या करारातून पुढे सरकतं. ख्रिस्ताचा जन्म येतो दुसऱ्या पुराणात. म्हणजे ज्याच्या नावाने पुराण आहे, तो एक तृतीयांशाहून जास्त ग्रंथ संपेपर्यंत जन्मालाच येत नाही! आजचा संपादक म्हणेल, "फादर, सुरुवात जरा लांबलीय."

ती लांबण मुद्दाम आहे असं मी मानतो. उपासना वर्षाची सुरुवातही तशीच होते. पहिला काळ आगमनकाळ, चार रविवारांचा. त्यात वेदीवर जांभळं वस्त्र असतं, मिस्सेत आनंदाचं 'ग्लोरिया' गायलं जात नाही, आणि वाचनं संदेष्ट्यांची असतात. नाताळ यायचा असतो, आलेला नसतो. पहिलं पुराण हा एक मोठा आगमनकाळच आहे. आदामापासून संदेष्ट्यांपर्यंत माणसं वाट बघतात, चुकतात, पुन्हा वाट बघतात. श्रोत्यालाही त्यांच्याबरोबर थांबावं लागतं. जन्माची ओवी येते तेव्हा तो थकलेला असतो, म्हणून त्याला आनंद होतो.

आज काय होतं? डिसेंबर लागला की आकाशकंदील, चांदणी, केक, दुकानातली गाणी. आगमनकाळ नाताळाने गिळला. आणि २५ डिसेंबरला, जेव्हा खरा नाताळकाळ सुरू होतो, तेव्हा आपण सण संपल्यासारखे दिवे उतरवायच्या तयारीला लागतो. ही तक्रार नुसती बाजाराबद्दल नाही. वाट बघण्याची सवय गेली की जन्माची बातमी ही नुसती तारीख उरते.

पुढचा टप्पा प्रायश्चित्तकाळ. भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, रविवार वगळून ४० दिवस. ईस्टरची तारीख कशी ठरते, हे मराठी माणसाला समजावणं फार सोपं आहे, कारण आपल्याला तिथी कळते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे तिथी आणि वार दोन्ही जुळायला हवेत. पौर्णिमा चर्चच्या गणिताने काढलेली असते, आकाशातल्या चंद्राशी ती एखाद्या दिवसाने चुकते, पण शुभ शुक्रवारच्या रात्री चंद्र जवळपास भरलेला असतो. सूर्याच्या वर्षात बसवलेला हा चांद्र सण आहे.

ख्रिस्तपुराणाच्या गायन-वाचनाची परंपराही मुख्यतः याच काळाशी जोडली गेली. हे स्वाभाविक आहे. दुःखसहनाची कथा लोकांना धरून ठेवते. गोवा वेल्ह्यातली संतांची मिरवणूक याच काळात निघते, आणि गोव्यातले मोटेट याच दिवसांत गायले जातात. पण इथे मला आपल्या परंपरेवर टीका करायची आहे. प्रायश्चित्तकाळ ४० दिवसांचा, आणि त्यानंतरचा पुनरुत्थानकाळ पेन्टेकॉस्टपर्यंत ५० दिवसांचा. म्हणजे चर्चने आनंदाला दुःखापेक्षा दहा दिवस जास्त दिले आहेत! आपण मात्र चाळीस दिवस मनापासून जगतो आणि पन्नास दिवस एका रविवारी उरकतो. पुराणाची पोथीही शुभ शुक्रवारी जड होते आणि ईस्टरनंतर मिटते. ग्रंथ मात्र तिथे संपत नाही. पुनरुत्थान, स्वर्गारोहण सगळं त्यात आहे. थांबतो तो वाचणारा.

आता सगळ्यात मोठा काळ, आणि सगळ्यात दुर्लक्षित. सामान्यकाळ. वर्षातले ३३ किंवा ३४ आठवडे. हिरवं वस्त्र. जन्म नाही, मरण नाही. ख्रिस्त गावोगाव फिरतो, शिकवतो, दाखले सांगतो, जेवतो. या काळाचा मोठा हिस्सा आपल्याकडे नेमका पावसाळ्यात येतो. ज्या महिन्यांत चातुर्मासाचं पुराण ऐकायचं, ते हे महिने.

आणि लोकांनी हे महिने रिकामे ठेवले नाहीत. २४ जूनला संत जॉन बाप्तिस्टाचा जन्मोत्सव. युरोपात या सणाला शेकोट्या पेटवतात. गोव्यात त्याचा सांजांव झाला. जूनमध्ये विहिरी भरू लागलेल्या असतात, म्हणून लोक डोक्यावर फुला-पानांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. आईच्या उदरात जॉनने उडी मारली ना, मग आपणही मारू! आगीचा सण पाण्याचा झाला. ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित होतात. साष्टीतल्या राय गावी ते महिन्याच्या सुरुवातीलाच होतं, आणि राय हे रायतूरचं शेजारी. त्याच रायतूरला १६१६ साली ख्रिस्तपुराण पहिल्यांदा छापलं गेलं, रोमन लिपीत.

पुराणपरंपराही पुढे या बाजूला सरकली. एतिएन द ला क्रुआ यांनी संत पेत्रावर पुराण रचलं, १६२९ पासून ते छापलं गेलं. अंतोनियो द साल्दान्य यांचा संत अंतोनीच्या जीवनावरचा ग्रंथ १६५५ चा. पेत्राचा सण २९ जून, अंतोनीचा १३ जून. दोन्ही सण पावसाच्या तोंडावरचे. हा हेतू होता असं मी म्हणत नाही. पण वर्षाचा हिरवा भागही कथेने भरायची गरज कुठेतरी होती, असं मला दिसतं. मग १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध पोर्तुगीज फर्मान निघालं आणि ही वाढ खुंटली. ख्रिस्तपुराण त्यानंतर हस्तलिखितांत जगलं. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापलं. पुढे लंडनच्या मार्सडन संग्रहात जस्टिन अॅबट यांना देवनागरी हस्तलिखित मिळालं, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली.

कुणी म्हणेल, आता या पुराणाची गरज काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. १९६९ च्या आगमनकाळापासून रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आहेत: एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. बायबल आज वेदीवरून आपल्या भाषेत ऐकू येतं. ही फार मोठी गोष्ट झाली, आणि तिचं मोल मी कमी करत नाही.

पण ते तुकड्यांत ऐकू येतं. एका रविवारी दहा-पंधरा ओळी, पुढच्या रविवारी आणखी दहा-पंधरा. मधे लग्न, पाऊस, परीक्षा. कथा अखंड ऐकल्याचा अनुभव कुणालाच येत नाही. शिवाय ती गद्यात येते. गद्य समजतं, पण ओठांवर राहत नाही. त्या ब्राह्मणाची मागणी अर्धी पूर्ण झाली, भाषा मिळाली. श्रवण अजून बाकी आहे.

पुराणात दोष नाहीत असं नाही. जुन्या श्रद्धांवर टीका आहे, आणि ती करणाऱ्याच्या पाठीशी सत्ता होती, हे विसरून ते वाचता येणार नाही. काही ठिकाणी उपदेश कथेला मागे ढकलतो. चारशे वर्षांपूर्वीची मराठी आज टिपेशिवाय कळत नाही. पण या अडचणी ज्ञानेश्वरीलाही आहेत, आणि तिचं पारायण थांबलेलं नाही.

म्हणून एक सूचना करतो, समीक्षकांनाही आणि वसई-गोव्यातल्या भाविकांनाही. समीक्षकांनी हा ग्रंथ भाषास्तुतीतून बाहेर काढावा आणि श्राव्य ग्रंथ म्हणून त्याची चिकित्सा करावी. भाविकांनी येत्या आगमनकाळात पहिल्या पुराणातला रोज एक अवस्वरू मोठ्याने वाचावा. आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा आणि अवस्वरू ३६, म्हणजे नाताळ येईल तेव्हा पहिलं पुराण संपलेलं नसेल. वाट बघणं थोडं शिल्लक राहील. चालेल. आणि ईस्टरनंतर पोथी मिटू नका, पुढे पन्नास दिवस आहेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.