लेखक आणि त्याचे सोबती

कादंबरीकार एकटा लिहितो, ही समजूत आपल्या वाङ्मयविचारांत फार खोल रुजलेली आहे. ग्रंथ हातीं पडल्यावर टीकाकार त्याचे गुणदोष पाहतो, वाचक तो आवडला किंवा नावडला म्हणतो, आणि ग्रंथकार दोघांकडूनही अलिप्त असल्याचें सोंग आणतो. पण ग्रंथ निर्माण होत असतांना लेखकाच्या समोर कोण बसलें होतें, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. निदान कथावाङ्मयापुरता तरी हा प्रश्न गौण नाहीं, असें आमचें मत आहे. कथा ही सांगण्याची वस्तु आहे. आणि सांगणें म्हटलें कीं ऐकणारा आलाच. तो ऐकणारा कसा होता, यावर कथेचा गुण आणि कथेचा दोष हीं दोन्हीं अवलंबून असतात.

या विधानाच्या पुष्टीसाठीं आम्हांस दूर जावें लागत नाहीं. तापीच्या उत्तरेस आमचें शिरपूर आणि दक्षिणेस अमळनेर. या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ सालीं साने गुरुजी शिक्षक म्हणून आले आणि १९३० सालीं सत्याग्रहासाठीं ती नोकरी सोडून गेले. मधल्या वर्षांत छात्रालयाची जबाबदारी त्यांजवर होती. तेथें मुलांसाठीं त्यांनीं हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालविलें. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत या दैनिकास फारसें स्थान मिळालेलें नाहीं; कारण तें छापलें गेलें नाहीं आणि त्याचे वाचक म्हणजे शाळकरी पोरें. परंतु लेखकाच्या घडणीचा विचार करूं लागल्यास त्या हातानें लिहिलेल्या कागदांचें मोल एखाद्या मान्यवर मासिकाहून कमी ठरणार नाहीं. आज लिहिलेलें उद्यां कोणीतरी वाचणार आहे, आणि वाचणाराचा चेहरा आपणांस दिसणार आहे, ही खात्री लेखकास दुसरें काय देऊं शकतें?

पुढील प्रसंग धुळ्याच्या तुरुंगांतला. १९३२ सालीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं विनोबांनीं तेथें गीतेवर प्रवचनें दिलीं. अठरा अध्याय, अठरा प्रवचनें. तीं लिहून घेतलीं साने गुरुजींनीं. बोलणारा मोठा होता हें निर्विवाद. पण ऐकणारानें लेखणी उचलली नसती तर तें बोलणें त्या भिंतींच्या आंतच विरलें असतें. ‘गीता प्रवचनें’ या ग्रंथावर एकाचें नांव आहे आणि तें योग्यच आहे. तथापि त्या ग्रंथास दोघांचे हात लागलेले आहेत. ज्याला मन लावून ऐकतां येतें त्यालाच पुढें मन लावून सांगतां येतें. याचा प्रत्यय वर्षाच्या आंतच आला. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालच्या फेब्रुवारींत, ९ तारखेस आरंभ करून १३ तारखेपर्यंत, गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहून काढली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली, आणि १९५३ सालीं आचार्य अत्र्यांनीं तिजवर काढलेल्या बोलपटानें ती लिहितां-वाचतां न येणारांच्याही घरीं नेली.

पांच दिवसांत असें पुस्तक होतें कसें? प्रतिभा हें एक उत्तर आहे, आणि त्यानें बहुतेकांचें समाधान होतें. आमचें होत नाहीं. पुस्तकाची रचनाच पाहावी. त्यांत प्रकरणें नाहींत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. संध्याकाळची प्रार्थना झाली कीं आश्रमांतील मित्र भोंवतीं बसतात आणि श्याम सांगूं लागतो. हा मित्रांचा मेळा केवळ सजावटीसाठीं आणलेला नाहीं. तो काढून टाकला तर श्यामच्या तोंडची भाषा उघडी पडेल. कारण ती समोर बसलेल्यांसाठींच घडलेली आहे. वाक्यें आंखूड, उपमा घरांतल्या, मधूनच प्रश्न, मधूनच थांबणें. ज्यानें सहा वर्षें मुलांसाठीं लिहिलें आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून आपली भाषा दुरुस्त केली, त्याचेंच हें गद्य आहे. पांच दिवस लागले ते उतरविण्यास; जुळणी अमळनेरास झाली होती.

परंतु येथेंच थांबलों तर आम्ही स्तुतिपाठक ठरूं. याच पुस्तकांत या सोबतीचा दोषही स्पष्ट दिसतो. श्यामचे श्रोते प्रेमळ आहेत, किंबहुना अति प्रेमळ आहेत. त्यांचे डोळे भरून येतात, ते उद्यांच्या रात्रीची वाट पाहतात. पण ‘श्याम, हें तूं अधिक सांगितलेंस’ असें म्हणणारा त्यांत कोणी नाहीं. म्हणून जेथें प्रसंग स्वतः बोलका आहे तेथें श्याम थोडक्यांत आटोपतो आणि उत्तम साधतो. जेथें प्रसंग अशक्त आहे तेथें उपदेश व अश्रु त्याच्या मदतीस येतात, आणि श्रोते तेही तितक्याच आवडीनें स्वीकारतात. उत्तम साधल्याचें उदाहरण म्हणून ‘अळणी भाजी’ची रात्र घ्यावी. आई भाजींत मीठ घालण्यास विसरते. वडील एक शब्द न काढतां ती आवडीनें खातात. त्यांचें पाहून मुलेंही गप्प राहतात. आणि शेवटीं स्वतः जेवावयास बसल्यावर आईला तें कळतें व तिच्या मनाला लागतें. संसारांत ही वडिलांची थोरवी आहे, यांत संशय नाहीं. वाङ्मयांत मात्र हा न्याय लावूं नये. तेथें अळणीला अळणी म्हणणारा सोबती पानावर हवा. नाहींतर शेवटीं खंत वाट्यास येते ती रांधणाराच्याच.

असा सोबती मिळाल्याचें उदाहरण पाहावयाचें तर खानदेश सोडून पुण्यास जावें लागतें. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही यमूची आत्मकथा हप्त्याहप्त्यानें वाचकांपुढें ठेवली. पुरुषानें स्त्रीच्या तोंडून, आणि तीही तिच्या माजघरांतून, बोलावयाचें हें धाडस होतें. अशा लेखकास हजार वाहवांपेक्षां माजघर आंतून पाहिलेली एक वाचक अधिक उपयोगी. काशीबाई कानिटकर अशा होत्या. लग्नानंतर, घरांतल्यांची थट्टा सोसून, त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या. हरिभाऊंचा आणि त्यांचा वाङ्मयीन स्नेह व पत्रव्यवहार मराठी वाचकांस ठाऊक आहे. महत्त्वाची गोष्ट ही कीं तें देणेंघेणें एकतर्फी नव्हतें. त्या त्यांच्या वाचक होत्या तसे तेही त्यांचे वाचक होते. काशीबाईंची ‘रंगराव’ १९०३ सालीं पुस्तकरूपानें आली, तेव्हां मराठी स्त्री कादंबरीकार म्हणून उभी राहूं शकते हें सिद्ध झालें. उपकारकर्ता व उपकृत असें नातें वाङ्मयांत टिकत नाहीं. दोघेही लिहिणारे आणि दोघेही वाचणारे असले म्हणजे टिकतें, कारण मग दोष दाखविणारास आपलेही दोष दाखविले जाणार याची जाणीव असते आणि जिभेस मर्यादा राहते.

कोणी विचारील, सोबती न मिळाल्यास काय बिघडतें? खरी प्रतिभा वाट काढतेच. यास आमचें उत्तर बहिणाबाई चौधरी. त्या कथाकार नव्हेत, कवयित्री. पण प्रश्न तोच आहे. शेतांत आणि जात्यावर त्यांनीं रचलेलें घरच्यांनीं, विशेषतः चिरंजीव सोपानदेवांनीं, लिहून ठेवलें म्हणून उरलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या वारल्या; गाणीं पुस्तकरूपानें १९५२ सालीं आलीं. महाराष्ट्रास वेड लावणाऱ्या या बाईस आपल्या वाचकांपैकीं एकाचेंही पत्र पोंचलें नाहीं. प्रतिभेनें वाट काढली हें खरें. पण ती एका मुलाच्या वहींतून काढली. जेथें अशी वही नव्हती तेथें काय बुडालें याची गणती कोण करणार?

म्हणून हा विषय आम्हांस शिरपूरकरांस केवळ इतिहासाचा वाटत नाहीं. आमच्या तालुक्यांत आजही कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी विद्यार्थिनी गोष्टी लिहीत असते. कोणी अहिराणींत लिहितो आणि ती कोणास दाखवावी या संकोचांत राहतो. आज लिहिलेलें शेंकडों लोकांपुढें ठेवणें कठीण उरलेलें नाहीं. आणि ‘छान’, ‘अप्रतिम’ हे शब्दही तितक्याच वेगानें परत येतात. त्यांनीं मन क्षणभर फुलतें, आणि नवख्या लेखकास त्याचीही गरज आहे. तथापि शिरपूरच्या माणसास पाण्याचा अनुभव आहे. आमच्या भागांत नाले रुंद व खोल करून, बंधारे घालून, वाहून जाणारें पाणी अडविलें आणि जमिनींत मुरविलें, तेव्हां विहिरींस पाणी आलें. पाऊस पूर्वीही पडतच होता. स्तुतीचेंही तसेंच आहे. ती वरून वाहून जाते. मुरतें तें एका माणसानें सबंध गोष्ट वाचून विचारलेलें, ‘ही सासू तिसऱ्या पानावर एकाएकीं मायाळू कां झाली?’ असें एक वाक्य.

तेव्हां लिहिणारांस आमची सूचना इतकीच, कीं दहा गोष्टी लिहिण्यापूर्वीं दुसऱ्याच्या दोन गोष्टी मन लावून वाचाव्या आणि त्याला खरें तें सांगावें. वाचणारांस सूचना ही, कीं आवडलें असें म्हणून थांबूं नये. काय आवडलें आणि कोठें मन उठलें तें सांगावें, व पुढची गोष्ट केव्हां, हें विचारण्यास विसरूं नये. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. श्यामच्या मित्रांनीं दोष दाखविले नाहींत, ही त्यांची उणीव आम्हीं वर सांगितली. पण ते दुसऱ्या रात्रीं पुन्हां येऊन बसले, हें त्यांचें ऋण मराठी वाङ्मयानें विसरतां कामा नये. दोष दाखविणारा आणि दुसऱ्या रात्रीं पुन्हां येणारा असा एकच माणूस ज्या लेखकास लाभला, त्यानें आपलें गांव लहान आहे अशी तक्रार करूं नये.