विरहभाव, मराठी शायरीतील

विरहभाव, मराठी शायरीतील : गमावलेल्या प्रेमाची हुरहूर आणि त्या प्रेमाचा घेतलेला अखेरचा निरोप यांचा मराठी शायरीतील आविष्कार. यवतमाळ येथील वासुदेव वामन ऊर्फ भाऊसाहेब पाटणकर (१९०८–९७) यांच्या रचनांत त्याचे स्वतंत्र रूप आढळते. पाटणकर व्यवसायाने वकील व छंदाने शिकारी होते. दोस्तहो, जिंदादिल, मराठी मुशायरा हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत.

मराठीत विरहाची परंपरा जुनी आहे. विराणी, गौळण व लावणी यांतून तो बहुधा स्त्रीच्या मुखाने व्यक्त होतो आणि सखी ही त्याची श्रोती असते. अर्वाचीन काळात माधव जूलियन यांनी विरहतरंग (१९२६) या खंडकाव्यात विफल प्रीतीची कथा सांगितली आणि गज्जलांजलि (१९३३) मध्ये फार्सी वळणाची रचना मराठीत रुजविण्याचा प्रयत्न केला (पहा : गझल). तथापि ही कविता मुख्यतः वाचकांचीच राहिली. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अंमलाखाली होते व तेथील गावांतून उर्दू कानावर पडत असे. शेराला उत्स्फूर्त दाद देणारा श्रोता पाटणकरांना लाभला, त्याला ही पार्श्वभूमीही उपकारक ठरली असावी.

पाटणकरांचे ‘दोस्तहो’ हे संबोधन केवळ लकब नव्हे. विरहाचे गाऱ्हाणे येथे प्रेयसीकडे जात नाही. ते मित्रांच्या बैठकीत मांडले जाते. त्यामुळे दुःखाचे स्वरूपच पालटते. प्रेयसी परत येण्याची आशा हा या कवितेचा आधार नसून, ऐकणाऱ्यांना आपले दुःख कळावे एवढीच तिची मागणी असते. शेराची घडणही यास अनुकूल आहे. पहिली ओळ अपेक्षा वाढविते, बैठकीत ती पुन्हा म्हटली जाते, आणि दुसरी ओळ त्या अपेक्षेला अनपेक्षित कलाटणी देते. दाटून आलेला कढ हशात फुटतो. आपण काही भव्य सांगत नाही, हसू आणि आसू या दोहोंचा सारखाच मान राखतो, अशी पाटणकरांची स्वतःच्या शायरीविषयीची भूमिका आहे.

मृत्यूवरील रचनांत ही पद्धत विशेष प्रभावी होते. एका प्रसिद्ध रचनेत बोलणारा मृत असून, जन्मभर कधी तोंड न लपविलेल्या आपल्याला लोकांनी वस्त्रांत झाकले याचा त्याला संताप येतो. परंतु आपण मेलो आहोत, आता बोलू नये, हे जाणून तो गप्प राहतो. हा विनोद शिष्टाचाराचा आहे आणि म्हणूनच तो चटका लावतो. प्रेमातील शेवटही पाटणकर असाच स्वीकारतात. बोलण्यासारखे पुष्कळ उरलेले असते, बोलण्याची वेळ मात्र निघून गेलेली असते.

ब्राझीलच्या गीतपरंपरेशी तुलना येथे उद्‌बोधक ठरेल. दूर गेलेल्या माणसाविषयीच्या गोड-कडू ओढीला पोर्तुगीज भाषेत ‘साउदादे’ म्हणतात. आंतोनियु कार्लुस जोबिं यांचे संगीत व व्हिनिसियुस दे मोराइस यांचे शब्द असलेले, १९५८ मध्ये झुआंव झिल्बेर्तु यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘शेगा दे साउदादे’ हे गीत बोसा नोव्हा शैलीचे आरंभीचे गीत मानले जाते. ‘पुरे ही ओढ’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. गीताचा पूर्वार्ध कोमल, खिन्न स्वरमेळात असून प्रियेच्या पुनरागमनाची कल्पना येताच स्वरमेळ उजळतो. म्हणजे तेथे सुटकेचे स्वप्न संगीताने साकारले जाते. पाटणकरांकडे पालट होतो तो दोन ओळींमधील विरामात, आणि त्यात कोणी परत येत नाही.

या शायरीला मर्यादाही आहेत. दाद हुकमी मिळू लागली की कलाटणी सवयीची होते. काही ठिकाणी हशा इतक्या लवकर येतो की दुःख मुळात किती होते, हे कळायला अवसरच राहत नाही. प्रेयसीला आपली बाजू मांडण्याची संधीही फारशी मिळत नाही. अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या रंग माझा वेगळा (१९७४) व एल्गार (१९८३) या संग्रहांत गझलेचे तंत्र काटेकोर झाले, वेदना अधिक गंभीर झाली व तिला सामाजिक धार आली. त्यानंतरच्या मराठी गझलकारांनी बहुतांशी भटांचाच मार्ग अनुसरला. पाटणकरांच्या मिस्कील निरोपाला तोलामोलाचा वारस लाभला नाही. त्यांचे शेर मात्र विदर्भातील मैफलींत आणि घरगुती बैठकींत, पुष्कळदा कवीचे नाव न घेताच, म्हटले जात राहिले.