एक खून माफ? : शस्त्राच्या हक्काविषयीच्या मराठी चर्चेची चिकित्सा

१

स्वारगेट या नावाची फोड सामान्यतः ‘स्वार’ आणि ‘गेट’ अशी केली जाते. पहिला शब्द फारसीतून आलेला, दुसरा इंग्रजीतून. आणि दोहोंच्या संयोगातून शहराच्या वेशीवर उभा असलेला घोडेस्वार पहारेकरी सूचित होतो. आज तेथे वेस नाही व स्वारही नाही. राज्य परिवहनाचे आगार, गावोगावी निघालेल्या प्रवाशांची अखंड रीघ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले भुयारी मेट्रोचे स्थानक, असे त्या स्थळाचे आजचे रूप आहे. पहाऱ्याची अपेक्षा मात्र नावाबरोबर शिल्लक राहिली आहे. दि. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे या आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची फिर्याद नोंदली गेली, तेव्हा ती अपेक्षा किती निराधार होती हे साऱ्या महाराष्ट्रास कळून आले. पोलीस ठाणे तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ८ मार्च या महिलादिनी, राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार पक्षातील महिला आघाडीच्या प्रदेशाध्यक्ष रोहिणी खडसे यांनी राष्ट्रपतींना एक पत्र लिहिले. स्त्रियांना एक खून माफ करावा, अशी त्यात मागणी होती. ज्याचा खून करावयाचा ती अत्याचारी वृत्ती होय, असा खुलासाही पत्रात होता. तथापि लोकांच्या तोंडी राहिले ते ‘एक खून माफ’ हे तीन शब्दच. आणि स्त्रियांना शस्त्र बाळगू द्यावे की नाही, हा जुना वाद त्या शब्दांच्या आधाराने पुन्हा उभा राहिला. या वादात ‘हक्क’, ‘परवाना’ आणि ‘माफी’ या तीन संकल्पना परस्परांत इतक्या मिसळून जातात की, बोलणारा नेमके काय मागतो आणि शासन नेमके काय नाकारते, हे दोघांसही स्पष्ट राहत नाही. या तिन्हींचे अर्थ वेगळे करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

शस्त्राच्या संदर्भात ‘हक्क’ हा शब्द आपल्या सार्वजनिक भाषेत रुजला तो १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या विरोधातून. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, हा कायदाही झाला. एका कायद्याने मुख बांधले व दुसऱ्याने हात. युरोपीय रहिवाशांस त्याच्या जाचातून सूट होती. म्हणून त्यातील खरा दंश नि:शस्त्र होण्याचा नसून अविश्वसनीय ठरविले जाण्याचा होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविषयी जो ठराव केला त्यातही प्रजेवर लादलेल्या या कलंकाचा उल्लेख होता. पुढे १९१८ मध्ये सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात अहिंसावादी गांधींनीही संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांतील सर्वांत काळे कृत्य म्हणून गणला, ते याच अर्थाने.

पुण्याच्या इतिहासात या प्रश्नाची दुसरीही बाजू आहे. कायदा अमलात आल्यानंतर वर्षभरातच, १८७९ मध्ये, पुण्यातच लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी सशस्त्र बंड केले. आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. म्हणजे ज्यांनी शस्त्र उचलावयाचे ठरविले त्यांना कायदा अडवू शकला नाही, आणि ज्यांनी ते उचलावयाचे नव्हते त्यांना मात्र तो अपमानास्पद झाला. शस्त्रबंदीविरुद्धचा हा युक्तिवाद आजही अनेकदा ऐकू येतो. परंतु त्याचे मूळ परकीय सत्तेच्या संदर्भात आहे, हे विसरता कामा नये.

तो काळ ‘हक्क’ या शब्दाला सामूहिक अर्थ देणारा होता. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा असे नमूद करण्यात आले. वाक्यात नागरिक एकवचनी असला तरी त्यामागील दुखावलेला कर्ता राष्ट्र हा होता. राष्ट्र स्वतंत्र झाल्यावर त्या वाक्याचे काय करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच अपरिहार्य होता.

३

तो प्रश्न डिसेंबर १९४८ मध्ये संविधानसभेपुढे आला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी मूलभूत स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी दुरुस्ती सुचविली. आपल्या बाजूने त्यांच्याजवळ कराचीचा ठराव होता. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती नाकारली. बाजारात जाऊन वाटेल ते आक्रमणाचे साधन कोणासही विकत घेता येऊ लागले तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा एक आक्षेप. दुसरा अधिक मूलगामी होता : आग्रह धरावयाचा तर तो व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, तर देशासाठी शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याचा धरावा.

या उत्तराने जुन्या मागणीतील दोन अर्थ वेगळे केले. राष्ट्राने सशस्त्र व्हावे हा अर्थ सैन्याच्या रूपाने सिद्ध झाला होता. व्यक्तीने सशस्त्र व्हावे हा अर्थ नामंजूर झाला. संविधानाच्या मूलभूत हक्कांत शस्त्राचा उल्लेख राहिला तो दोनच ठिकाणी. एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य शांततेने व विनाशस्त्र वापरावयाचे आहे. आणि पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे शीख धर्माच्या पालनात अंतर्भूत मानले आहे. पहिला उल्लेख अभावाचा आहे, दुसरा श्रद्धेचा. आत्मरक्षणासाठी शस्त्र, असा अर्थ त्यांपैकी कोठेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना बंदुकांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना अमेरिकेशी असलेला हाच भेद अधोरेखित केला.

अमेरिकेची तुलना येथे उपयोगाची आहे. तेथील १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात आत्मरक्षणार्थ बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क ठरविला, आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याची, बंदूक बाहेर नेण्यासाठी विशेष कारण दाखविण्याची, अट रद्द केली. हक्क म्हटला की कारण विचारता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. भारताच्या १९५९ च्या अधिनियमाची सुरुवातच कारणापासून होते. जेथे कारण विचारले जाते तेथे ‘हक्क’ हा शब्द वापरणे म्हणजे अर्थाची ओढाताण करणे होय.

४

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्याची मराठी नावे दोन आहेत, आणि त्यांचा वापर लक्षणीय आहे. गुन्ह्याची बातमी ‘हत्यार कायद्यान्वये’ येते. अर्ज मात्र ‘शस्त्र परवान्या’साठी होतो. कायदा एकच, परंतु गुन्हेगाराच्या हाती असते ते ‘हत्यार’ आणि प्रतिष्ठिताच्या कमरेला असते ते ‘शस्त्र’. तत्सम शब्दाने वस्तूला जी प्रतिष्ठा लाभते ती येथे थेट सामाजिक प्रतिष्ठेत रूपांतरित झालेली दिसते.

‘हत्यार’ हा शब्द आणखीही काही सांगतो. सुताराची हत्यारे म्हणजे मराठीत पटाशी आणि रंधा. खंडेनवमीस तलवारीबरोबर कारागिराच्या साधनांचीही पूजा होते. साधन आणि आयुध यांत भाषेने काटेकोर भेद केलेला नाही. अधिनियमास तो करावा लागतो : केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू, तसेच लाठी वा साधी हातातील काठी, व्याख्येतून वगळलेल्या आहेत. परंतु पुण्यात २०२२-२३ पासून ज्या टोळ्यांची दहशत गाजत आहे त्यांस लोकांनी नाव दिले ते कोयत्याचे. ऊस तोडणारा कोयता गल्लीत येताच आयुध होतो. शहराच्या भीतीचा मोठा भाग अशा वस्तूभोवती आहे की जिला बंदुकीसारखा परवाना लागतच नाही. हे ध्यानात न घेता केवळ परवान्यांवर चाललेली चर्चा अर्धीच राहते.

परवाना देण्याची मुख्य कसोटी अधिनियमात ‘योग्य कारण’ ही आहे, आणि २०१६ च्या नियमांनी तीत जीवितास असलेला धोका, व्यवसायाचे स्वरूप, प्रत्यक्ष गरज इत्यादी तपशील भरला. संपत्ती पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असेही चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि समारंभात बेदरकारपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, ही शिक्षा सांगितली. लग्नाच्या वरातीत झाडलेली गोळी कोणत्याही ‘योग्य कारणा’त बसत नाही; तरीही तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली, यावरूनच कारण आणि वापर यांतील अंतर स्पष्ट होते.

शब्द चांगले असले तरी ते कोण वाचतो यावर बरेच अवलंबून असते. बीड जिल्ह्यात हजारांहून अधिक परवाने असल्याचे, डिसेंबर २०२४ मधील एका सरपंचाच्या हत्येनंतर उजेडात आले. मग प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. जे कारण कालपर्यंत योग्य होते ते आज अयोग्य कसे ठरले, याचे उत्तर ते प्रथम तपासलेच गेले होते काय या प्रश्नात आहे. पुणे शहरात परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो व त्यांच्या नकाराविरुद्ध अपील शासनाकडे जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्यावरून वाद उसळला. त्या प्रकरणाचा गुणदोष काहीही असो. ‘योग्य कारण’ या दोन शब्दांचा अर्थ आयुक्तालयात एक आणि मंत्रालयात दुसरा होऊ शकतो, एवढे त्यातून दिसले. नकाराची कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन अधिनियमात आहे. मंजुरीची कारणेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली गेली आणि लोकांस पाहता आली, तर परवाना हे कृपेचे चिन्ह न राहता निर्णयाचे लेखन होईल.

५

आता ‘एक खून माफ’ या मागणीकडे वळता येईल. मराठीत ‘त्याला सात खून माफ’ असे म्हणतात ते ज्याच्यावर कोणाचाच अंकुश चालत नाही अशा लाडक्या वा बलिष्ठ माणसास. वाक्प्रचारात उपरोध आहे, आणि तो उपरोध विशेषाधिकारावर आहे. पत्रातील मागणीचा परिणाम याच उपरोधातून साधला गेला : बलिष्ठांना सात माफ असतात, तेव्हा दुर्बलांना एक तरी असावा. वक्तृत्व म्हणून हे नि:संशय प्रभावी आहे.

परंतु ‘माफी’ या शब्दाच्या पोटात अपराध गृहीत असतो. अपराध घडल्याखेरीज क्षमा संभवत नाही. कायद्याची भाषा येथे मागणीच्या भाषेपेक्षा अधिक उदार आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ व्या कलमानुसार खाजगी संरक्षणाच्या हक्काच्या बजावणीत केलेली गोष्ट मुळात अपराधच नव्हे. आणि ३८ व्या कलमानुसार बलात्काराच्या उद्देशाने हल्ला झाल्यास हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत पोचतो. जुन्या दंडसंहितेतही हेच तत्त्व होते. या हक्कास मर्यादा आहेत : जरुरीपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सार्वजनिक अधिकाऱ्यांचा आश्रय घेण्यास वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. मर्यादा असूनही तो हक्कच आहे, आणि त्यासाठी परवाना लागत नाही. जे हक्काने आपले आहे ते माफीच्या रूपाने मागणे म्हणजे नकळत त्याचे मोल कमी करणे होय.

मग स्त्रीच्या हाती पिस्तूल द्यावे, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष टिकतो काय? त्यांच्या म्हणण्यात एक सत्य आहे. कायद्याने दिलेला संरक्षणाचा हक्क रिकाम्या हातांनी बजावणे बहुधा अशक्य असते. साधनाविना हक्क हा कागदावरचा हक्क होय. हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु स्वारगेटच्या घटनेची जी फिर्याद प्रसिद्ध झाली तिच्यात हल्ल्याचे साधन वेगळेच दिसते. तिच्यानुसार त्या तरुणीला बहिणीच्या नात्याने संबोधण्यात आले आणि तिची बस दुसरीकडे उभी असल्याचे सांगण्यात आले. परक्या स्त्रीला नात्याने हाक मारणे हा मराठी समाजाचा सभ्यतेचा संकेत आहे. त्याच संकेताचा येथे सापळा झाल्याचे सांगितले जाते. विश्वासाच्या शब्दापुढे कोणी पिस्तूल काढीत नाही. धोका ओळखू येईपर्यंत शस्त्र निरुपयोगी असते, आणि ओळखू येतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. शिवाय नियमांतील प्रशिक्षण, चौकशी, खर्च आणि प्रतीक्षा पार करून परवाना मिळविणारी व्यक्ती बहुधा पहाटेच्या बसची वाट पाहणारी नसते.

६

या चिकित्सेतून निष्पन्न होणारी गोष्ट शासनास सोयीची नाही. शस्त्राचा हक्क नाकारण्यात संविधानसभेने चूक केली नाही. परंतु तो नाकार बिनशर्त नव्हता. नागरिकाच्या कमरेचे शस्त्र काढून घेणारे राज्य त्याच्या वाटेवरील पहारा स्वतःच्या शिरावर घेते, हा त्या नाकाराचा अध्याहृत अर्धा भाग आहे. व्याकरणात अध्याहृत पद उच्चारले नाही तरी अर्थात असतेच. घटनेनंतर आगारातील सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश परिवहनमंत्र्यांनी दिले. म्हणजे रक्षक होते, रक्षण नव्हते.

म्हणून ‘एक खून माफ’ ही मागणी शस्त्रनीतीतील दुरुस्ती म्हणून वाचली तर ती सदोष ठरते, पण न फेडलेल्या कर्जाचा तगादा म्हणून वाचली तर तिचा अर्थ नीट लागतो. तगाद्याचे उत्तर परवान्यांची संख्या वाढवून देता येत नाही. ते उजेड असलेल्या फलाटाने, बंद करून कुलूप लावलेल्या रिकाम्या बसने, रात्रपाळीला जागेवर असलेल्या माणसाने आणि वेळेत लागलेल्या निकालाने द्यावे लागते. स्वारगेटला नाव देणारा स्वार आपल्या वेशीवर उभा होता तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती शस्त्र देण्यासाठी नव्हे; त्यांना ते लागू नये यासाठी.