पाण्याला जागा कोणी द्यायची?

नेदरलँड्सचा विषय निघाला, की बांधाचं भोक बोटानं बुजवून रात्रभर बसलेल्या मुलाची गोष्ट कोणीतरी सांगतंच. ती जगभर पोचली मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालच्या पुस्तकामुळे. गोष्ट गोड आहे. पण इतिहास म्हणून ती दिशाभूल करते, असं माझं म्हणणं आहे. एकट्या शूराच्या जिवावर समुद्र थोपत नसतो. तिथे तेराव्या शतकापासून पाण्याची स्थानिक मंडळं आहेत. ज्यांच्या जमिनी, त्यांनी कर द्यायचा, बांध राखायचे आणि निर्णयालाही बसायचं.

१९५३च्या पुरात तिथे १,८३६ माणसं गेली. मग प्रचंड बांधकामं सुरू झाली. पण ऑस्टरस्केल्डे खाडी कायमची बंद करायला मच्छीमारांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला, आणि १९८६ साली तिथे उघडझाप करणारी दारं आली. पुढे नद्यांनाच जागा सोडायचं ठरलं. तेव्हा ओव्हरडीपच्या शेतकऱ्यांनी शेतं पुराला मोकळी ठेवून घरं उंचवट्यांवर न्यायची योजना स्वतः मांडली. सगळ्यांना तिथे राहता आलं नाही, हेही खरं.

आता आपल्याकडे या. जुन्नर-आंबेगावात समुद्र नाही. इथे पाणी आपणच चढवलं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, त्यातलं घोड नदीवरचं डिंभे आंबेगाव तालुक्यात. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते आंबेगावच त्यात बुडालं. प्रकल्पाचं पाणी पार करमाळ्यापर्यंत गेलं. शेती भिजली, लोकांचं भलं झालं. ते कोण नाकारेल? पण ज्या महादेव कोळ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या 'त्यागा'बद्दल आपण बोलतो, तेव्हा मला अडखळायला होतं. त्याग करणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे. ते म्हणता येत नसेल, तर त्याला त्याग कसं म्हणायचं?

याच लोकांनी पुढे जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभारली, पाणी ओसरलं की गाळपेर केली. कुसुम कर्णिकांच्या 'शाश्वत' संस्थेची साथ होती. २०१२ साली 'शाश्वत'ला इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे पाण्याशी जुळवून घ्यायची अक्कल इथेही होती. तिला विचारलं गेलं नाही, एवढंच.

उद्या कोकणात समुद्र चढेल, तेव्हा डच पद्धतीची भिंत आपण बांधूही. इंजिनिअर आपल्याकडे आहेत. पण भिंतीबाहेर कोणाचं घर राहणार हे ज्या बैठकीत ठरेल, तिथे त्या घरातलं माणूस असेल का?